मुदत उलटलेलं स्वेटर

गडचिरोलीकडच्या एका पोलीस कॅम्पात मी कपड्यांचं भांडार सांभाळतो. प्रत्येक जवानाच्या नावाचं एक कार्ड असतं. गणवेश, बूट, पट्टा, मच्छरदाणी, जे दिलं ते त्यावर चढतं. माणूस बदलून गेला किंवा वारला, की उतरतं. इंग्रजांच्या पलटणींतही शिपायाच्या कोटाबुटांचा असाच हिशेब असे. कोट किती काळ टिकला पाहिजे तेही ठरलेलं. मुदत भरली की कोट शिपायाचा. गोरे साहेब गेले, आम्ही अजून तेच गिरवतोय. कार्ड जुळलं नाही की माझं डोकं फिरतं, हे कॅम्पात सगळ्यांना ठाऊक आहे.

मागच्या हिवाळ्यात एक जवान सुटीवर घरी गेला आणि मलेरियानं तिथंच वारला. सरकारी सामान जमा करा, असा घरी निरोप गेला. त्याचे आईबाप एसटीनं आले. बापाच्या डोक्यावर बोचकं होतं.

ते सोडलं आणि मी बघतच राहिलो. माझ्याकडे परत येतात ते घामट, मळके कपडे. इथं सगळं स्वच्छ धुतलेलं, पायमोज्यांच्यासुद्धा जोड्या लावलेल्या.

"सरकारची वस्तू हाय जी," बाप म्हणाला. "मळकी कशी वापस द्याची? हिनं तलावावर नेऊन सारं धुतलं."

त्यांच्या गावात शेजारणीकडून आणलेला गंज, म्हणजे साधं पातेलंही, कुणी न धुता परत करत नाही.

मी एकेक वस्तू कार्डावरून उतरवत गेलो. स्वेटरची मुदत उलटून गेली होती. मला मनापासून बरं वाटलं. निदान एक तरी गोष्ट यांच्या हातात ठेवता येणार होती.

"बाई, हे जमा नाही करायचं. हे त्याचं होतं, आता तुमचं."

इतका वेळ भिंतीशी उभी असलेली आई पुढं आली. तिनं स्वेटर नाकातोंडाशी धरलं आणि खोल श्वास घेतला.

"थंडी वाजे तवा हेच आंगात होतं त्याच्या. आता साबनाचाच वास येऊन राह्यला जी. वापस द्या लागते म्हून मी दोनदा धुतलं."

मला त्या मुदतीचा, त्या कार्डाचा, सगळ्याचाच राग आला.

"साहेब," तिनं विचारलं, "त्याचं न धुतलेलं काही हाय का तुमच्याजवळ?"

मी मागं वळून पाहिलं. रॅकवर नवे, कोरे गणवेश घडी घालून ठेवले होते. त्यांत त्याच्या मापाचेही होते.

"नाही, बाई," मी म्हणालो.