नळीचं दुसरं टोक

दुकानात तिला होज म्हणतात, आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, फौजेतल्या सवयीनं होजपाईप म्हणतात, मी नळी म्हणते. काय म्हणायचं ते म्हणा, ओढावी मलाच लागते. तासगावकडच्या आमच्या द्राक्षबागेत औषध मारायला दोन माणसं लागतात. नळीच्या टोकाची फवारायची गन धरून ओळीत पुढं चालतात ते मालक. नळी वेलीला, खांबाला अडकू नये म्हणून मागं ती सोडत-ओढत चालणारी मी. बघणाऱ्याला वाटतं, काम सगळं त्यांचंच. संध्याकाळी माझे खांदे भरून येतात ते कुणाला दिसत नाही.

तोफखान्यात नोकरी केल्यामुळं मालकांना कमी ऐकू येतं. त्यात पंपाचा आवाज. हाका मारून माझा घसा बसायचा आणि वर "मोठ्यानं बोलायला काय हुतंय तुला?" हे ऐकून घ्यायचं. शेवटी आम्ही नळीवरच भागवायला लागलो. एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे नळी सोड, तीन म्हणजे पंप बंद. पानांच्या आड माणूस दिसत नसला तरी त्याची घाई, त्याचा राग हाताला कळायचा. बोलण्यापेक्षा हे बरं, असं मी बहिणीला सांगायचे.

त्या दिवशी त्यांनी मला सकाळपासून चारदा झापलं होतं. दुपारी औषधाचा ड्रम काठोकाठ भरून ते नव्या ओळीत शिरले आणि थोड्या वेळानं नळी ढिली पडली. हिसका नाही, ओढ नाही. मला वाटलं, आला असेल कुणा जुन्या फौजीचा फोन. तो आला की मालकांना जगाचं भान राहत नाही. बोला म्हटलं पोटभर, आणि बांधावरच्या लिंबाखाली पाय पसरून बसले. खरं सांगते, फार बरं वाटलं.

ड्रम रिकामा होऊन पंप कोरडा खडखडायला लागला तेव्हा उठले. ते वेलीखाली पालथे पडले होते. उन्हानं जीव नकोसा झाला म्हणून तोंडावरचा टॉवेल सोडलेला, गन शेजारी उघडीच, औषध सांडून झालेल्या चिखलात, ओठांवर फेस. शेजारच्या बागेतल्या माणसांनी जीपमध्ये घालून सांगलीला नेलं. "औषधाची विषबाधा आहे. किती वेळ पडले होते?" डॉक्टरांनी विचारलं. "लगेच गेले की मी," असं मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. घरी आल्यावर भेटायला येईल त्याला सांगायचे, "हिच्यामुळं वाचलो." एवढं कौतुक त्यांनी लग्नापासून केलं नव्हतं. ते बोलायला लागले की मी उठून आत चुलीपाशी जायचे.

यंदा छाटणीनंतर ते पुन्हा गन घेऊन उभे राहिले. त्यांच्या तोंडावर मी टॉवेल घट्ट बांधला, दोन गाठी मारल्या, आणि मला राहवेना.

"आवं, त्या दिवशी मी लगीच आले न्हवते. लिंबाखाली बसले हुते. राग आला हुता मला तुमचा."

"काय?"

एवढं सगळं पुन्हा, ओरडून सांगावं लागलं. शेजारच्या बागेतल्या बायकांनी माना वर केल्या.

"ठावं हाय," मालक म्हणाले. "ड्रम मीच भरला हुता न्हवं? घरी आलो तवा रिकामा दिसला. रिकामा व्हायला किती येळ लागतोय ते मला कळत न्हाई व्हय?"

"मग हिच्यामुळं वाचलो म्हणून गावभर का सांगत हुतासा?"

"उठलीस न्हवं? मग झालं."

ते ओळीत शिरले. मी नळी अशी धरली होती की बोटं पांढरी पडली. थोड्या वेळानं एक हिसका आला. हातातली नळी टाकून मी वेलींच्या मधनं पळत सुटले. मालक धडधाकट उभे होते.

"काय झालं?"

"काय न्हाई. म्हटलं बघावं, किती येळात येतीस."

मी रडत रडत तोंडाला येईल ते बोलले. ते मात्र त्यांना सगळं नीट ऐकू आलं.