अण्णाने आणलेली काळी साडी

कुठला रंग कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, हे आमच्या अण्णाला झोपेतून उठवून विचारावं. लग्नघरात पांढरं नको, शुक्रवारी काळं नको, आजाऱ्याला भेटायला जाताना लाल नको. हा सगळा कायदा त्याने कुठून जमवला देव जाणे. आम्ही तंजावरचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ शेजारात राहिलो, त्यांचं काही उचललं, आपलं काही ठेवलं. अण्णाने मात्र दोन्हीकडचे नकार तेवढे गोळा केले. संक्रांतीला काळं नेसायची आपली रीत, पण तोच शेजाऱ्यांचा पोंगलचा दिवस, गल्लीला काय वाटेल म्हणून त्याने ती घरातून बंद केली. गल्लीने कधी विचारलंसुद्धा नव्हतं!

शेषाद्री त्याचं नाव. मी त्याची धाकटी बहीण, सुंदरी. त्याची नोकरी पापनाशमला वीज खात्यात. रोज पॅसेंजरने जायचा, डब्यात दहीभात. ना व्यसन, ना भांडण. बायकोवर कधी आवाज चढवला नाही. दर दिवाळीला स्वतः दुकानात जाऊन तिच्यासाठी साडी आणायचा, आणि ती हिरवी असायची. हिरवा म्हणजे सवाष्णीचा रंग, त्यात चुकायची भीती नाही, असं त्याचं म्हणणं. एका वर्षी पोपटी, पुढच्या वर्षी शेवाळी, मग मेंदी. अलमेलुवहिनी पदर उलगडून बघायची, "बरं आहे" म्हणायची आणि घडी घालून ठेवून द्यायची. तिचं कपाट उघडलं की भाताच्या शेतात उभं राहिल्यासारखं वाटायचं.

वहिनी तिरुवैयारूची. रंगाने चांगलीच सावळी, डोळे मोठे, हसली की सगळा चेहरा हसायचा. तिची आई संक्रांतीला काळं लुगडं नेसायची, ते वहिनीच्या मनात बसलेलं. लेकीच्या, हरिताच्या वेळी ती माहेरी गेली तेव्हा आईने तिला काळी साडी नेसवून बांगड्या भरल्या. इकडे पोटुशीला काळं नेसवतात, दृष्ट लागू नये म्हणून. एरवी ज्या रंगाला नाकं मुरडायची, तोच रंग त्या एका दिवशी सगळ्यांना हवा असतो. ती साडी वहिनी पार विरेपर्यंत नेसली, पण अण्णा कामावर गेल्यावर, घरातल्या घरात. तो यायच्या आत बदलून टाकायची. ती फाटली तेव्हा दिवाळी तोंडावर होती. वहिनीने लाजत सांगितलं, "यंदा मज काळं आणा."

अण्णा मनाचा वाईट नाही. पण विनोद करायची हौस दांडगी आणि पाहुणे बसलेले. म्हणाला, "काळ्यावर काळं? मग तुज दिवा घेऊन हुडकावं लागंल!"

घरात हशा पिकला. वहिनीही हसली आणि कॉफी गाळायला आत गेली. त्या दिवाळीला हिरवी साडी आली. पुन्हा तिने कुठल्याच रंगाचं नाव काढलं नाही, आणि अण्णाने समजून घेतलं की हिला हिरवाच आवडतो. नवरे मंडळींना गप्प बसलेली बायको फार सोयीची असते.

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेली. सकाळी तुळशीला पाणी घालून आली, छातीत दुखतं म्हणाली आणि दुपारपर्यंत संपलंच. सवाष्ण गेली म्हणून तिला हिरवी साडी नेसवली, हिरव्या बांगड्या भरल्या. बायका एकमेकींना सांगत होत्या, भाग्याची हो, कुंकवानिशी गेली. मला त्या शब्दाचा संताप येतो. साठीही न गाठता गेलेल्या बाईचं भाग्य कसलं सांगता?

यंदा हरिताचं लग्न ठरलं. ती चेन्नईत नोकरी करते, मुलगाही तिथलाच. आमच्याकडे लग्नाआधी सवाष्णींना जेवायला बोलावतात आणि घरातली जी सवाष्णपणी गेली तिच्या नावाने साडी ठेवतात. साडी धुऊन, वाळवून, देवघरात पाटावर मांडायची, पुढे पान वाढायचं, दार लोटून घ्यायचं. ती येऊन जेवते, साडीला हात लावते आणि लेकीला आशीर्वाद देते, असं मानतात. म्हणून साडी तिच्या आवडीची लागते. मग ती लेकीने नेसायची.

"हिरवी आणतों," अण्णा म्हणाला. "तिज हिरवाच आवडायचा."

हरिता आईवर गेलेली, रंगाने आणि डोळ्यांनीही. बोलायला मात्र आईसारखी भित्री नाही. म्हणाली, "अप्पा, आईज हिरवा कधी आवडला नाही. चेन्नईला आली की दुकानात काळ्या साड्यांवर हात फिरवायची. घे म्हटलं तर म्हणायची, नको गे, मज शोभत नाही, तुजे अप्पा हसतील."

त्या दिवशी अण्णा जेवला नाही. मी ताट वाढून बसले होते, शेवटी उचलून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चप्पल घालत म्हणाला, "सुंदरी, चल. मज रंगातलं कळत नाही."

दुकानात त्याने काळी साडी मागितली. विकणारा पोरगा खूश होऊन तमिळमध्ये म्हणाला, "मंगल गोष्ट, सर! मुलीला की सुनेला? कितवा महिना?"

"बायकोला," अण्णा म्हणाला.

पोरगा या सत्तरीच्या म्हाताऱ्याकडे बघून हसला, सभ्यपणे, तोंड फिरवून. चूक त्याची नव्हती. अण्णाने मान खाली घातली आणि एकेक साडी हातावर घेऊन बघू लागला. शेवटी लाल काठांची, बारीक जरीच्या ठिपक्यांची एक धरून ठेवली ती सोडेचना. एवढा वेळ त्याने वहिनी जिवंत असताना दुकानात कधी काढला नसेल.

जेवणाच्या दिवशी आमची म्हातारी आत्या, वेंकूबाई, साडी बघताच ओरडली. "लग्नाच्या घरीं काळं? शेषाद्री, तुज डोकं आहे कां? तूच ना अस्क्यांना, साऱ्या घराला शिकवायचास!"

अण्णाचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता हा माघार घेणार. आयुष्यभर घेत आला. पण तो म्हणाला, "आत्ये, हे लग्नाला नाही, अलमेलुज आहे. तिनं मागिटलं तेव्हां मी दिलं नाही. आज तिज देतों. दोष लागला तर मज लागूं दे."

मग वेंकूबाईनेच साडीवर मोगऱ्याची माळ ठेवली. पान वाढलं, दार लोटलं. आम्ही सगळे बाहेर बसलो. अण्णा दाराला टेकून, लहान पोरासारखा, डोळे मिटून.

दार उघडल्यावर मी हरिताला साडी नेसवायला आत घेऊन गेले. नेसवून आरशासमोर उभी केली. काळ्या साडीत तिचा सावळा रंग असा उजळला होता, की ज्याने कुणी हा रंग सावळ्या बाईला शोभत नाही म्हणून सांगितलं, त्याचे डोळे तपासायला हवेत.

ती बाहेर येऊन अण्णाच्या पाया पडली. "अप्पा, कशी दिसते?"

आशीर्वाद द्यायला वर उचललेला त्याचा हात तसाच राहिला. तो बघतच राहिला.

"अशी दिसली असती ती," म्हणाला. "इतकी छान दिसली असती, आणि मी तिज एकदासुद्धा नेसूं दिलं नाही."

हरिता म्हणाली, "अप्पा, सगळे बघतात." पण त्याला ते ऐकू गेलं नाही. वाढलेल्या पानांपुढे सवाष्णी ताटकळल्या होत्या, आणि तो उभ्या उभ्या रडत होता.