जहाजांचा सीझन

माझ्या भावानं बाबांना जहाजांत पैसे घालायला सांगितलं, तेव्हा मी अंबडच्या बसस्टँडवर उभी होते. मायनं फोनवर ते सांगितलं आणि मी नुसती "काय?" म्हणून ओरडले. शेजारची बाई दचकली. अहो, आमच्या जालना जिल्ह्यातून समुद्र बघायला जायचं तर रात्रभर गाडीत बसावं लागतं, आणि हा म्हणतो जहाजं घ्या!

भाऊ सिंगापूरला एका कंपनीत हिशोबाचं काम करतो. तिथं जहाजांचा एक ट्रस्ट होता. लोकांचे पैसे गोळा करायचे, मालवाहू जहाजं घ्यायची, ती मोठ्या कंपन्यांना भाड्यानं द्यायची आणि आलेलं भाडं हिस्सेदारांत वाटायचं, असा त्याचा धंदा. ट्रस्ट अडचणीत आल्यामुळे हिस्से मातीमोल भावात मिळत होते. भावाचं म्हणणं, घ्यायची वेळ हीच.

पैसे म्हणजे बाबांच्या निवृत्तीचा फंड. अंकुशनगरच्या साखर कारखान्यात ऊसवाहतुकीच्या ऑफिसात त्यांची अख्खी नोकरी गेली. आम्ही क्वार्टरमध्येच जन्मलो, तिथंच वाढलो. आता ते क्वार्टर सोडायचं होतं. अंबडला प्लॉट घेऊन ठेवलेला, त्यावर या फंडातून दोन खोल्या बांधायच्या ठरलेल्या. मायनं ओट्यासमोर खिडकी कुठं पाहिजे ते जागेवर उभं राहून मिस्तरीला दाखवलंही होतं. जन्मभर परक्या भिंतीत खिळा ठोकताना विचारावं लागलं, याचा तिला फार राग होता.

मला वाटलं बाबा पोराला झापतील. कशाचं काय! ते खुशीत होते. "जहाज म्हंजे काय, पाण्यावरला ट्रकच," म्हणाले. आयुष्यभर त्यांनी गाडीमालकांशी सीझनचे करार केले होते. कराराची गाडी रिकामी उभी राहत नाही, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास.

मी शाळेत गणित शिकवते. भावाकडून ट्रस्टचा वार्षिक अहवाल मागवून घेतला आणि वाचत बसले. बऱ्याच जहाजांचे करार त्याच वर्षी संपत होते. भाडी घसरलेली. बँकेनं जहाजांच्या किमतीवर कर्ज दिलेलं, आणि त्या किमतीच उतरल्यामुळे बँक पैसे परत मागू लागलेली. वाटप तर आधीच बंद केलं होतं. हे सगळं सरळ छापलेलं होतं, कुणी काही लपवलं नव्हतं, आणि तरी माझा शिकलासवरलेला भाऊ घ्या म्हणत होता.

मी बाबांना एकेक गोष्ट समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, सीझन संपलाय इतकंच, सीझन परत येतोच. मी दुष्काळाच्या सालाची आठवण करून दिली. ऊसच नव्हता, गाड्या कारखान्याबाहेर उभ्या राहिल्या आणि फायनान्सवाले त्या ओढून घेऊन गेले. ते भडकलेच. "तू मला साखर कारखाना शिकवू राह्यली का?" म्हणाले आणि माझ्याशी बोलणं टाकलं. माय ज्वारी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

रविवारी भावाचा व्हिडिओ कॉल आला. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचा म्हणून मीही क्वार्टरवर गेले होते. तो सांगू लागला की ट्रस्ट बँकेचं कर्ज फेडायला नवीन हिस्से काढतोय, आणि ते फक्त जुन्या हिस्सेदारांनाच मिळणार आहेत, एकदम स्वस्तात.

"मग ते आपल्याला कसे मिळणार?" मी विचारलं.

मला वाटलं नेटवर्क गेलं. पण त्याची पापणी हलत होती.

"ताई, माझं सगळं त्यातच गेल्तं," तो म्हणाला. "वरून कर्जही काढलं."

म्हणजे हा आम्हाला स्वस्त सौदा दाखवत होता, पण खरं तर बुडताना हातपाय मारत होता. शिव्या द्याव्यात की रडावं, मला कळेना. बाबा मात्र लगेच म्हणाले, उद्याच बँकेत जातो, पैसे पाठवतो.

खातं दोघांच्या नावावर होतं, मायची सही लागायची. ती सही देणार यात मला तिळमात्र शंका नव्हती. दुधावरची साय या पोराच्या वाटीत घालताना तिनं कधी माझ्याकडं पाहिलं नव्हतं. घर गेलं, मी मनात म्हटलं.

मायनं फोन हातात घेतला.

"मी सही करनार न्हाई," ती म्हणाली.

बाबा तिच्याकडं बघतच राहिले. मी तर खुर्चीतून उठलेच. हिनं या पोराला 'न्हाई' म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"गेले ते गेले, त्यावर कुनी तुला बोलनार न्हाई," ती त्याला म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "पन उद्या तिथून परत यावं लागलं, तर कुठं येशील? या क्वार्टरची चाबी तर देऊन टाकायची हाय."

तिकडं भाऊ ओक्साबोक्शी रडू लागला. मायनं फोन माझ्या हातात दिला आणि बाबांकडं वळली.

"अवो, मिस्तरीला बोलवा. दोन न्हाई, तीन खोल्या सांगा."