घुमटाचा नकाशा

जपानी अंमलात जावा बेटावरच्या सुराबाया शहराच्या बाजारात वीतभर कापड मिळेनासे झाले, तेव्हा जुन्या हॉटेलातल्या धोबिणींनी एक युक्ती काढली. हॉटेलचे नकाशे खळ दिलेल्या तलम कापडावर काढलेले होते. ते उकळले की खळीबरोबर शाईही निघून जाई आणि मुलांच्या अंगड्यांची सोय होई. वगियेमच्या वाट्याला भोजनगृहाच्या घुमटाचा नकाशा आला. त्या घुमटाचा गिलावा तिच्या बापाने केला होता. तिने नकाशा धुतला नाही. मुलांना गोणपाटाची अंगडी शिवली.

“पोरं आता काय घुमट पांघरून निजणार?” शेजारीण कार्ती म्हणाली.

पुढे स्वातंत्र्याच्या लढाईत घुमट कोसळला. १९५२ साली दुरुस्ती निघाली. नकाशाच नाही म्हणून इंजिनिअर हरजोनोने सपाट छत घालायचे ठरवले. वगियेम गुंडाळी घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली.

“बाई, टेबलावरची चादर आत द्या,” तो मान वर न करता म्हणाला.

“आधी उलगडा, साहेब. मग खुशाल जेवा तिच्यावर.”

त्याने उलगडले. एकूण एक कमानीचे माप शाबूत होते. सपाट छताचा कागद त्याने तिच्यादेखत फाडला.

“हा मला द्या.”

“नक्कल काढून घ्या. हा माझ्या घरीच राहील.”

तीन दिवस इंजिनिअर तिच्या चटईवर बसून रेघा ओढत होता.

“साहेब, तिसरी कमान चुकली,” ती म्हणाली.

“तुम्हाला कसं कळलं?”

“दहा वर्षं बघतेय मी.”

त्याने रेघ खोडली. पुढल्या वर्षी घुमट पुन्हा उभा राहिला.