हिवरखेडच्या दोन बहिणींची लेव्हल

सॉफ्टवेअरनं निकाल देऊन टाकला होता. दोघी बहिणी लेव्हल टू. लेव्हल टू म्हणजे साधारण तिसरीच्या मुलांचं इंग्रजी व्याकरण. थोरली गौरी अकरा वर्षांची, धाकटी मुक्ता नऊची. रंगीत ग्राफ काढलेला रिपोर्ट त्यांच्या आईला मेलनं गेलाही होता. पेपर माझ्या टेबलावर आले ते फक्त फाइलला लावण्यासाठी.

शाळेतून रिटायर झाल्यावर मी अमरावतीत राजापेठेतल्या एका लहानशा कंपनीत अर्धवेळ जाऊ लागले. शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलांसाठी ही कंपनी अभ्यासक्रमाचे संच विकते. इंग्रजी व्याकरणाचे आठ संच आहेत, त्यांना लेव्हल म्हणायचं. मुलाला कुठली लेव्हल द्यायची हे ठरवायला एक पेपर असतो. चाळीस प्रश्न, सगळ्या वयांना तेच, सोप्यापासून अवघडापर्यंत. मूल जिथे अडतं तिथे त्याची लेव्हल. शाळेत आम्ही याला चाचणी म्हणायचो. इथे त्याला ‘लर्नर प्रोफायलिंग’ म्हणतात, आणि ते करणारे आमचे डायरेक्टर माझ्या शेवटच्या बॅचपेक्षा थोडेच मोठे आहेत.

फाइलला लावता लावता मी पेपर चाळला. सवयच आहे, छापील कागद दिसला की वाचते. गौरीला चाळीसपैकी एकोणीस, मुक्ताला अठरा. पण लिहिलेल्यात चुका जवळजवळ नव्हत्या, नुसत्या कोऱ्या जागा होत्या. एरवी कोऱ्या जागा पेपरच्या शेवटी असतात. मूल दमतं, अडतं, सोडून देतं. इथे गौरीचा दुसरा प्रश्न कोरा होता आणि एकोणचाळिसावा बरोबर. दुसऱ्या प्रश्नात मांजराच्या चित्राखाली एक शब्द लिहायचा होता. एकोणचाळिसाव्याला मी स्वतः क्षणभर थांबले.

पेपर घेऊन मी डायरेक्टरांच्या केबिनमध्ये गेले.

“गेसवर्क आहे मॅडम,” ते म्हणाले. “होमस्कूलर्समध्ये लर्निंग गॅप्स असतात.”

“गॅप असते तर खालच्या प्रश्नांना असते का?”

“सॉफ्टवेअर टोटल बघतं.”

म्हणजे सॉफ्टवेअर पेपर बघत नव्हतं. पुन्हा पेपर घ्यावा म्हटलं, तर पुढच्या महिन्यात ऑनलाइन स्लॉट देता येईल असं उत्तर आलं.

त्याच दुपारी मुलींच्या आईचा, संगीताचा फोन आला. हिवरखेडला त्यांची शेती, झेंडू आणि शेवंतीची. माल अकोल्याच्या बाजारात जातो. संगीता लग्नाआधी अकोल्यात एका शाळेवर शिकवत होती. गेली तीन वर्षं दोन्ही मुलींना ती घरी शिकवत होती. सासऱ्यांना हे पहिल्यापासून पसंत नव्हतं. त्यांनी तीन वर्षं दिली होती आणि आता रिपोर्टची वाट बघत होते. मुली वयाच्या मागे निघाल्या तर जूनपासून दोघी अकोल्याला, हॉस्टेलच्या शाळेत. तसं ठरलंच होतं.

“मॅडम, तिसरीचं?” ती म्हणाली. “मुक्ता मले पेपर वाचून दाखवते सकाळी. इंग्रजी पेपर. आबाजीला अजून सांगितलं नाई मी. सांगू काय सांगा.”

मी म्हटलं, शनिवारपर्यंत सांगू नकोस.

शनिवारी एसटीनं अकोट गाठलं, तिथून हिवरखेड. पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. आबाजी, म्हणजे संगीताचे सासरे, अंगणात बाजेवर बसले होते. कंपनीच्या, आधी शाळेत शिकवणाऱ्या बाई आल्यात, एवढंच त्यांना माहीत होतं. त्यांनी पाणी मागवलं आणि थेट विषयाला हात घातला.

“मॅडम, तुमी शायेतल्याच नं आधी? मंग सांगा. पोरी घरी बसून काय शिकून राहिल्या, हे मले कयत नाई. पास का नापास, तेवढं सांगा.”

आमच्या कंपनीत तेवढं कोणीच सांगत नाही. मी म्हटलं, अजून तपासणं चालू आहे, मुली कुठे आहेत?

मुली वावरात होत्या. लग्नसराई असल्यानं झेंडू तोडणं चालू होतं. संगीता मला घेऊन निघाली आणि वाटेत सांगू लागली. पेपरच्या दिवशी पालकानं खोलीत थांबायचं नाही असा तुमचा नियम, म्हणून ती बाहेर ओट्यावर बसली होती. मुली आत दीड तास शांत होत्या. भांडल्यासुद्धा नाहीत. तेव्हाच आपल्याला शंका यायला हवी होती, असं ती म्हणाली.

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून मी बघत होते. गौरीनं एक ओळ तोडत नेली, टोकाला पोचली आणि शेजारची ओळ सोडून तिसरीत शिरली. शेजारच्या ओळीत मुक्ता होती. ती पोचली आणि चौथीत गेली. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. दोघींची फुलं एकाच क्रेटमध्ये पडत होती.

मी पिशवीतून दोन्ही पेपर काढले आणि तिथेच, धुऱ्यावर, एकाशेजारी एक धरले. गौरीचे एक, तीन, पाच, सात. मुक्ताचे दोन, चार, सहा, आठ. शेवटपर्यंत. एका पेपरची कोरी जागा दुसऱ्यात भरलेली. दोन्ही मिळून चाळीसपैकी सदतीस.

मुक्ताला जवळ बोलावलं आणि विचारलं, सगळे प्रश्न का सोडवले नाहीत?

“सगळे सोडवले नं,” ती म्हणाली. “एक ताईनं, एक मी.”

“पण तुम्हाला दोन पेपर दिले होते.”

“एकच होता, मॅडम. दोन कॉप्या होत्या. तेच तेच दोघींनी कावून करायचं?”

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला या प्रश्नाचं उत्तर कधी द्यावं लागलं नव्हतं. गौरीला मात्र काहीतरी बिनसल्याचं कळलं. अवघड प्रश्न वाटून घेताना आपण मुक्ताला फसवलं नाही, सगळ्यात अवघड चाळिसावा पाळीनंच तिच्या वाट्याला आला, असं तिनं स्वतःहून सांगून टाकलं. संगीता धुऱ्यावर खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तीन वर्षांचं ओझं उतरताना माणूस असाच हसत असावा.

तरी पेपर पुन्हा घेणं भाग होतं. दोघींची मिळून एक लेव्हल असा रकाना आमच्याकडे नाही. वेगळ्या प्रश्नांचा दुसरा पेपर मी सोबत नेला होता. गौरीला ओट्यावर बसवलं, मुक्ताला आत, आणि दोघींनाही बजावलं, सगळे चाळीस. मुक्तानं उसासा टाकला. दोघींची बोटं झेंडूनं पिवळी झालेली, उत्तरपत्रिकेवर ठिकठिकाणी ठसे उमटले. गौरीला चौतीस पडले, मुक्ताला एकोणतीस. म्हणजे थोरली लेव्हल फाइव्ह, धाकटी फोर. फोर म्हणजे साधारण सहावी.

आबाजींना मी सगळं क्रमानं सांगितलं. पहिले पेपरही दाखवले. त्यांनी चष्मा लावून आकडे बघितले, एकाआड एक.

“बरोबरच केलं पोरीईनं,” ते म्हणाले. “एका ओईत दोन माणसं घातली त मालक येडा म्हनते लोक.”

“पण आबाजी, परीक्षेत प्रत्येकानं...”

“ते समजलं. धाकटी कितवीचं करते म्हनता?”

“सहावीचं.”

“अन् वय नऊ.” त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. “मंग हॉस्टेलात जाऊन का मागची शिकन? संगीता, मॅडमले चहा कर. अन् त्या अकोल्याच्या शायेले फोन करून सांग, पोरी येत नाई म्हनावं.”

चहा दोनदा झाला. मला बसथांब्यावर सोडायला दोघी आल्या. मला दिलेली फुलांची पिशवी होती, ती निम्म्या वाटेपर्यंत गौरीनं धरली, पुढे मुक्तानं.

एक काम उरलं होतं. गौरी फाइव्ह आणि मुक्ता फोर, म्हणजे दोन वेगळे संच, असं कोणीही म्हणेल. पण फोर आणि फाइव्हमध्ये नियम जवळजवळ तेच असतात, फरक पडतो तो किती लिहायचं यात. शिकवणारी आई एक, आणि दोघी अभ्यास एकत्रच करणार. मी रिपोर्टवर लिहिलं: दोघींना मिळून लेव्हल फोर, एकच संच. नियम एकत्र वाचावेत, निबंध वेगळे लिहावेत, गौरीचा दुप्पट लांब. डायरेक्टरांना ते पटलं नाही. त्यांच्या मनात ‘सिबलिंग बंडल’ होतं, म्हणजे भावंडांना दोन संच एकदम विकायचे. संगीतानं मात्र एकच संच मागवला.

आता पेपरच्या पहिल्या पानावर एक नवी सूचना छापलेली असते, ठळक अक्षरात: ‘घरात एकापेक्षा जास्त मुलं असल्यास प्रत्येकानं सर्व प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावेत.’ डायरेक्टर तिला ‘प्रोटोकॉल अपग्रेड’ म्हणतात. मी माझ्यापुरता नियम वेगळा केला आहे. उत्तर कोरं दिसलं की मार्क कापण्याआधी मुलाला विचारायचं, हे कोणाकडे होतं?