तुम्ही बसा, फौजी

काचेच्या गोदामात जोड्या लावायचं काम मुकादम कुणावर सोपवत नसे. मोठी काच एकट्याला उचलवत नाही. दोघं लागतात, आणि दोघांचं पाऊल एकदम पडावं लागतं. एकाचं चुकलं की काच जाते, आणि काच माणूस बघून कापत नाही. म्हणून ज्याला जोडी नाही, त्याला काम नाही.

फौजी तिथं कामाला आला तो डावा पाय ओढत. लढाईत गुडघ्यात लोखंडाचा तुकडा घुसला होता. त्याला बघून मुकादमाला भरून आलं. लढाईच्या वर्षी मुकादमाची दोन्ही पोरं रोज शाळेत गेली, रोज घरी आली, पांघरुणावरून भांडून झोपली. ते कुणाच्या जिवावर, हे त्याला कळत होतं. त्यानं फौजीला दाराशी बसवलं, येणाऱ्या गाड्यांवर नजर ठेवायला. सगळ्या गोदामाला अरेतुरे करणारा मुकादम त्या निम्म्या वयाच्या माणसाला अहोजाहो करू लागला.

"मुकादम, मला जोडी द्या," फौजी पहिल्याच आठवड्यात म्हणाला.

"तुम्ही बसा हो. आमच्या वाटचं तुम्ही उचललंय."

"मग काय, बसायचा पगार घेऊ?"

"घ्या की. कोण बोलतं ते बघतो मी."

कुणीच बोललं नाही. तीच तर पंचाईत होती. दिवसभर एकमेकांची सालटी काढणारे गडी फौजी जवळ आला की गप्प व्हायचे. त्यानं झाडू घेतला की कुणीतरी हातातून काढून घ्यायचं. पाणी प्यायला उठला की दुसराच पेला घेऊन धावायचा.

एक गडी तापानं पडला आणि त्याचा जोडीदार मोकळा राहिला. फौजीनं हाताला चामडी पट्टे बांधले आणि काचेच्या रिकाम्या टोकाशी जाऊन उभा राहिला. सगळे थांबले. मुकादम आला. आजारी पोराचे कपडे उतरवावेत तसे त्यानं ते पट्टे हळूच सोडवले. फौजीनं हात पुढे धरून सोडवू दिले. दुसऱ्या दिवशी तो आला नाही.

"त्यानं काम मागितलं," मुकादमाची बायको म्हणाली, "आणि तुम्ही त्याला फोटोसारखं भिंतीला टांगलंत."

"अगं, होता तेवढा पायही गेला असता त्याचा."

"त्याचा पाय, तो बघेल."

मुकादमाला जेवण गेलं नाही. फौजीला परत आणायचं, जोडी द्यायची, वेळ पडली तर दुसरं टोक आपण धरायचं, असं त्यानं ठरवलं. धान्यबाजारात तो पोती उतरवतो, असं कुणी सांगितलं होतं. मुकादम तिकडे गेला.

फौजी एका म्हाताऱ्या हमालाबरोबर पोतं धरून होता. घामानं निथळत होता.

"अरे लंगड्या, जेवला नाहीस का? वर घे की," म्हातारा ओरडला.

"तुमचीच बाजू खाली आलीय, बाबा. वय झालं तुमचं."

म्हाताऱ्यानं त्याला एक सणसणीत शिवी हासडली आणि दोघं हसले. फौजीला हसताना मुकादमानं कधी बघितलं नव्हतं. तरी 'लंगड्या' ऐकून मुकादमाचं डोकं फिरलं. हा कोण आहे ठाऊक आहे का तुला, असं विचारायला तो पुढे झाला. तेवढ्यात फौजीची नजर त्याच्यावर पडली. पोतं टाकून तो जवळ आला.

"इथं कुणाला सांगू नका, मुकादम," तो हलक्या आवाजात म्हणाला. "सांगितलंत की इथूनही उठावं लागेल मला."

पाय सुजला होता. मुकादमाला तो दिसला. गोदामात परत चला, हे शब्द ओठांपर्यंत आले होते.

"कोण रे हे? ओळखीचे?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाही," मुकादम म्हणाला. "स्टेशनची वाट विचारत होतो."

म्हाताऱ्यानं हात करून नीट समजावून सांगितली. मुकादमाचं घर उलट्या बाजूला होतं. पण दोघं बघत होते, म्हणून तो स्टेशनच्या वाटेला लागला.