कुल्फीच्या मटक्यातलं एन्झाइम

सांगलीला पीएचडी करत असताना आमच्या प्रयोगासाठी एक एन्झाइम मागवलं होतं. ते असतं माणसाच्या यकृतात. पण हे तयार केलं होतं जिवाणूंकडून, त्यांच्यात माणसाचं जनुक घालून, आणि मग शुद्ध करून. कुपीत जेमतेम थेंबभर. वर छापलेलं, 'फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये.' थोडक्यात माणसाचंच, पण माणसाला वर्ज्य.

कुरिअरवाल्यांनी खोका साताऱ्यातच उतरवला आणि पुढे सुट्टी आहे म्हणून सांगितलं. साताऱ्यात माझे मामा असतात, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांना फोन केला.

"मामा, कुरिअरवाल्यांकडून माझा खोका घ्याल का? आतला कोरडा बर्फ संपत आला असणार. कुपी वितळली तर कामातून गेली. कुठंतरी कडक गार ठेवाल का?"

"पोरी, आमी आख्खी हयात बर्फात काडली. आमाला शिकवती व्हय?"

त्यांनी खोका थेट मित्राच्या आइस्क्रीमच्या दुकानात नेऊन फ्रीजरमध्ये ठेवला. मित्रानं विचारलं, आत काय हाय? मामांना खोटं बोलण्याची सवय नाही.

"माणसाचं हाय. लिव्हरमधलं."

मित्र जागच्या जागी थिजला. त्याला धीर यावा म्हणून मामांनी खुलासा केला, "घाबरू नगं गड्या, माणसातनं काडलेलं न्हाई. जंतूंत तयार केलंय."

शेजारच्या टेबलावरचं कुटुंब कुल्फी अर्धी टाकून उठलं. मित्र म्हणाला, "सुभेदार, मैत्री हाय म्हणून हात जोडतो. हे उचला." मात्र जाताना त्यानं एक मटका बर्फ आणि खडेमीठ घालून भरून दिला, कुल्फी गोठते तसंच हेही गोठलेलं राहील, म्हणाला. कुपी पत्र्याच्या डब्यात, डबा मटक्यात, मटका मांडीवर, असे मामा सांगलीच्या एसटीत बसले.

कराडपर्यंत चौघांनी तरी त्यांच्याकडं कुल्फी मागितली. एक बाई ऐकेनाच. शेवटी मामांनी कुपीवरची सूचना मराठीत समजावून सांगितली. त्यानंतर शेजारची जागा सांगलीपर्यंत रिकामी राहिली.

प्रयोगशाळेत मी कुपी हातात घेतली तेव्हा ती दगडासारखी घट्ट होती. एन्झाइमनं कामही चोख केलं. खटावच्या माळावरच्या एका झुडपाचा अर्क त्याला अडवेल, असा आमचा सिद्धांत होता. अर्कानं त्याला काडीचाही अडथळा केला नाही. वर्षभराची मेहनत दुपारच्या चहाआधी निकालात निघाली.

मामांचा फोन आला. "चाललं का गं ते?"

"ते चाललं मामा. आमचा सिद्धांत न्हाई चालला."

"मंजे मी वितळू दिलं असतं, तर तुमचा सिद्धांत टिकला असता?"

"काही दिवस टिकला असता. नवी कुपी येईपर्यंत."

"लय चुकलंच की मग माझं," म्हणाले, आणि इतक्या मोठ्यानं हसले, की पलीकडून मामी काय झालं म्हणून विचारायला लागल्या. मलाही हसू आलं. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.